बाबांच्या मनगटावरचा पट्टा

गावात त्याला सगळे चिडीचूप म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. त्याचं कामच लोकांना गप्प बसवण्याचं होतं. माणसांना नाही, त्यांच्या यंत्रांना.

डोंगरापलीकडच्या खोलगट जागेत रेडिओ दुर्बीण होती. मैदानाएवढी पांढरी थाळी आकाशाकडे तोंड करून उभी असे आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपत असे. त्या लहरी इतक्या क्षीण असायच्या, की गावातल्या एखाद्या बिघडलेल्या चार्जरनेही दुर्बिणीचे कान किटावेत. म्हणून या भागात मोबाइलचे मनोरे नव्हते आणि घरातून लहरी सोडणाऱ्या वस्तूंना बंदी होती. तरी वस्तू यायच्याच. बिनतारी हेडफोन यायचे, खेळण्यातली विमानं यायची. छतावर अँटेना बसवलेली गाडी घेऊन गल्ल्यांमधून फिरायचं, लहरी कुठून सांडतायत ते हुडकायचं आणि दार वाजवून ती वस्तू बंद करायला लावायची, हे त्याचं काम.

तो ते मन लावून करायचा. प्रत्येक दारात त्याला एकच वाक्य ऐकू यायचं: “एवढ्याशानं काय होतंय?” त्यावर त्याचं उत्तरही ठरलेलं असे. “तुमच्या सोयीपायी कुणाचं तरी वर्षानुवर्षांचं काम पाण्यात जातं.” एका नव्या बापानं बाळाच्या पाळण्याशी बिनतारी मायक्रोफोन ठेवला होता. बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, रात्री त्याचा श्वास अडकायचा. चिडीचूपनं तोही उचलून नेला होता आणि जाताना म्हणाला होता, की याआधी लोकांनी मुलं वाढवली नाहीत का.

घरी बायको आणि बाबा. बायको वरच्या खोलीत बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. बाबांनी सगळा जन्म बस चालवण्यात घालवला होता. आता त्यांना नातवंडांची नावं आठवत नसत, पण बसची वेळ झाली असं मात्र दिवसातून कितीदा तरी वाटे. मग ते उठून चालू लागत. एकदा ते थेट हमरस्त्याच्या मधोमध बनियनवर उभे सापडले, येणाऱ्या ट्रकना हात करून बाजूला घेत होते. बाबांना कोंडून ठेवायला बायको तयार नव्हती. “जन्मभर गाव फिरवलेला माणूस आहे,” ती म्हणाली, “कडी लावली तर आठवड्यात झुरून जाईल.”

तेव्हा त्यानं तो पट्टा मागवला. मनगटावर बांधायचा साधा करडा पट्टा आणि त्याच्यासोबत एक छोटी डबी. डबी बायकोच्या टेबलावर ठेवायची. बाबांनी उंबरा ओलांडला की ती वाजायची. पार्सल आपल्या पत्त्यावर येऊ नये म्हणून त्यानं ते दुसऱ्या शहरातल्या मेहुणीकडे पाठवायला सांगितलं होतं. आल्यावर त्यानं ते आपल्याच उपकरणांवर तपासलं. डबी जवळ असताना पट्टा अगदी दबक्या आवाजात बोलत होता. एवढ्याशानं काय होतंय, असं त्याच्या मनात आलं आणि ते वाक्य आपण कुठं ऐकलंय याचा त्यानं विचार केला नाही.

“हे चालतं ना आपल्याकडे?” बायकोनं विचारलं होतं.

“मी तपासलंय,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

मागच्या गल्लीत शिंपीणबाई राहायच्या. नवरा जाऊन बराच काळ झालेला, मुलगी लांब नोकरीला. समोरच्या खोलीत शिवणयंत्र, भिंतीला आरसा, गिऱ्हाइकांसाठी एक बाक. दुपारची जेवणं झाली की बाबा त्यांच्याकडे जाऊन बसायचे. बाईंनी त्यांना काम नेमून दिलं होतं: बटणांचा डबा पुढ्यात घ्यायचा आणि रंगारंगाची बटणं वेगळी करायची. बाबा गेले की संध्याकाळी बाई ती पुन्हा एकत्र करून ठेवायच्या. डबी वाजली की बायको खिडकीतून बघायची, बाबा त्या गल्लीत वळले की निर्धास्त व्हायची आणि बटण दाबून डबी बंद करायची.

त्याच सुमारास वेधशाळेत एक संशोधक मुलगी आली. मुलगी म्हणायचं ते वयावरून, बाकी ती सगळ्या थोरामोठ्यांना पुरून उरायची. एक तारा बरीच वर्षं निपचित राहून काही आठवड्यांपुरता भडकतो, आणि तो या मोसमात भडकणार असं तिनं हिशोबानं मांडलं होतं. दुर्बिणीचा वेळ मिळवायला तिनं उंबरे झिजवले होते. तारा खरोखर भडकला. पण दुपारच्या नोंदींवर जाड जाड रेघा उठल्या, कुणी ओल्या चित्रावरून बोटं फिरवावीत तशा. तिनं चिडीचूपला बोलावून त्या रेघा दाखवल्या. तारा आता पुन्हा भडकेल तो आपल्या हयातीत नाही, एवढंच ती म्हणाली. तिनं काही तक्रार केली नाही, त्यामुळे त्याला ते जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन निघाला. लहरींचा जोर दाखवणारा काटा त्याला शिंपीणबाईंच्या दाराशी घेऊन आला.

आत गर्दी होती. वाचनालयातल्या बाई स्टुलावर उभ्या होत्या, त्यांच्या झग्याच्या घेराला टाचण्या लावणं चाललं होतं. बाकावर आणखी दोघी. कोपऱ्यात बाबा बटणं निवडत होते. चिडीचूप हातातली अँटेना फिरवत खोलीत शिरला आणि त्याला दाराच्या चौकटीवर बिनतारी घंटी दिसली. यंत्राच्या खडखडाटात दार वाजलेलं कळत नाही म्हणून लेकीनं पाठवली होती ती.

अँटेना तेव्हा कोपऱ्याकडे वळली होती आणि काटा तिकडेच जास्त चढला होता. ते त्याला दिसलंही. पण भिंतीवरून लहरी उलटून येतात, तसं असेल म्हणून त्यानं ती खाली केली. हवी ती वस्तू डोळ्यांसमोर होती.

मग तो बोलला. कामावर असला की तो ओळखीच्यांनाही ओळख देत नसे. एरवी तो त्यांना ताई म्हणायचा, त्या दिवशी बाई म्हणाला. वर्षानुवर्षांचं काम पाण्यात जाण्याचं वाक्य तर झालंच, वर त्यानं असंही म्हटलं, की एक पोर आपलं घरदार सोडून इथं येते आणि तुमच्या एका घंटीपायी रिकाम्या हातानं परत जाणार. बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शिंपीणबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, स्टूल ओढून त्यावर चढल्या, घंटी उतरवली आणि त्याच्या हातात दिली.

“मला खरंच माहीत नव्हतं, भाऊ,” त्या म्हणाल्या.

“माझा मुलगा आहे,” बाबा बाकावरच्या दोघींना सांगत होते. “फार कडक आहे.”

दुपारच्या रेघा तरीही थांबल्या नाहीत. तो पुन्हा गेला. या वेळी गिऱ्हाईक कुणी नव्हतं, फक्त त्या आणि बाबा. त्याला पाहून शिंपीणबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी न सांगता कपाट उघडलं, इस्त्री दाखवली, जुना रेडिओ दाखवला, यंत्राच्या खालचा खण ओढून दाखवला. “बघा साहेब, आता माझ्याकडे काही नाही,” त्या म्हणाल्या. भाऊचा साहेब झाला होता. त्यांच्याकडे बघायचं टाळायला तो अँटेनाकडे पाहत राहिला.

अँटेना बाबांकडे बोट दाखवत होती. बाबा पाणी प्यायला उठले, तसा काटाही त्यांच्यामागून गेला. परत येऊन बसले, काटा परत आला.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. घरी असताना पट्टा डबीशी कुजबुजत असे. डबीपासून लांब गेला, की तिचं उत्तर मिळेना म्हणून तो जोर वाढवत जायचा आणि ओरडत राहायचा. स्वस्तातली वस्तू, ओरडताना नेमून दिलेल्या लहरी सोडून भलतीकडेही सांडत होती, आणि ते भलतीकडे म्हणजे नेमकं त्या ताऱ्याच्या लहरींवर. बाबा इथं येतात, बसतात, बटणं निवडतात, आणि तेवढा सगळा वेळ त्यांच्या मनगटावरून हाकाटी चाललेली असते. आपण या खोलीत उभे राहून शिंपीणबाईंना बोलत होतो तेव्हाही ती चालूच होती.

तोंड उघडायची वेळ तीच होती. त्या समोर उभ्या होत्या, खोलीत परकं कुणी नव्हतं. त्यानं भिंतीकडे पाहिलं. चौकटीच्या बाजूला जुन्या, कधीच्या बंद पडलेल्या घंटीची एक तार लोंबत होती.

“ही राहिली होती,” तो म्हणाला. “हिच्यामुळेच.”

त्यानं ती तार उपटून गुंडाळली आणि खिशात घातली. शिंपीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी त्याचे आभार मानले. तो बाबांचा हात धरून बाहेर पडला तेव्हा बाबा त्याला विचारत होते, बस लागली का.

घरी येऊन त्यानं पट्टा काढला. बॅटरी गेलीय, नवी मागवतो, असं बायकोला सांगितलं. रेघा थांबल्या. कारण म्हणून अहवालात त्यानं घंटी आणि ती जुनी तार लिहिली. ताऱ्याचं भडकणंही तोवर ओसरलं होतं.

संचालकांनी गावकऱ्यांची सभा बोलावली. ते भले गृहस्थ होते, कुणाला दोष द्यायचा नाही असं ठरवूनच आले होते. मागच्या गल्लीतल्या एका घरातल्या घंटीमुळे असं झालं, एवढंच ते म्हणाले. पण मागच्या गल्लीत गिऱ्हाइकांसाठी घंटी लावणारं दुसरं घर नव्हतं. माना वळल्या. संशोधक मुलगीही काही शब्द बोलली: या मोसमातल्या दुपारच्या सगळ्या नोंदी तिनं बाजूला टाकल्यात, आता जे उरलंय त्यातून काय निघतं ते ती बघेल.

तेव्हा शिंपीणबाई उभ्या राहिल्या. त्या बोलतील असं कुणाला वाटलंही नव्हतं. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

“ती घंटी माझी होती,” त्या त्या मुलीला म्हणाल्या. “तुझं एवढं मोठं नुकसान माझ्या हातून झालं. मी काय भरून देणार? पण माफी मागते, बाळ.”

मुलगी उठून त्यांच्याजवळ गेली, असू द्या म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चिडीचूप पहिल्या रांगेत बसला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या. आपले हात वाजतायत हे त्याला दिसत होतं, आणि ते थांबवायची त्याची हिंमत नव्हती. नंतर जेव्हा जेव्हा त्याला हा सगळा प्रकार आठवे, तेव्हा त्या टाळ्यांपाशी येऊन त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटत.

त्यानंतर शिंपीणबाईंकडची गर्दी पांगली अशातला भाग नव्हता. लोक कपडे शिवायला येतच होते. फक्त येताना थट्टा करायचे. तुमच्या कात्रीचा आवाज ताऱ्यांना चालतो का, असं विचारायचे. बाई हसायच्या. पण त्यांनी इस्त्रीसुद्धा भीत भीत लावायला सुरुवात केली होती, आणि दार वाजलेलं ऐकू यावं म्हणून वाऱ्यात दार उघडं टाकून, खांद्यावर शाल घेऊन यंत्रावर बसत होत्या. त्याला हे बायकोकडून कळायचं. तो स्वतः त्या गल्लीतून जाणं टाळत होता. अँटेनावाली गाडी तो लांबच्या रस्त्यानं काढायचा.

बायको बॅटरीचं विचारत राहिली आणि तो आज येईल, उद्या येईल म्हणत राहिला. एका दुपारी ती काम करता करता जरा लवंडली आणि बाबा बाहेर पडले. उठून पाहते तर खुर्ची रिकामी. तिनं वेधशाळेत फोन लावला. तो धावत आला, दोघांनी बसथांबा पाहिला, हमरस्ता पाहिला. कुठंच नव्हते. बाबा ट्रकखाली सापडल्याचं त्याला डोळ्यांसमोर दिसू लागलं.

परत घराशी आले तर शिंपीणबाई बाबांना घेऊन येताना दिसल्या. बाबा आज नेहमीच्या वेळी आले नाहीत म्हणून त्यांना चुकचुकल्यासारखं झालं होतं. अर्धवट शिवलेलं टाकून त्या शोधायला निघाल्या आणि खाणीच्या वाटेवर, कड्यापासून थोड्या अंतरावर, त्यांना बाबा सापडले. बाबांच्या पायात एकच चप्पल होती. दुसरा पाय बाईंनी आपल्या शालीत गुंडाळला होता. बाबा खुशीत होते, त्यांना वाटत होतं सहल काढलीय.

“यांच्या हाताला तो पट्टा असायचा ना,” शिंपीणबाई बायकोला म्हणाल्या, “तो बांधत जा गं. त्यानं कळायचं तुला.”

त्या त्याच्याकडे न बघता निघून गेल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. तो अंगणातच उभा राहिला. आत गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, बाबांचे पाय धुता धुता, खाली मान घालून, कारण तिच्याकडे बघत सांगणं जमलं नसतं.

बायको टॉवेल घेऊन आली. मग म्हणाली, “मी रोज बटण दाबून डबी बंद करत होते. म्हणजे तो ओरडत होता त्यात मीसुद्धा आले.”

“तुला माहीत नव्हतं.”

“त्यांनाही नव्हतं. तरी त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.” तिनं टॉवेल त्याच्या हातात दिला. “तुमची लाज वाटते हो मला. आणि तुम्हाला ती वाटतेय हे दिसतंय, म्हणून जास्त काही बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी तो संचालकांच्या खोलीत गेला. त्यानं पट्टा आणि डबी टेबलावर ठेवली आणि संशोधक मुलीलाही बोलवायला सांगितलं. ऐकताना संचालकांनी चष्मा काढून हातात धरला होता. ते रागावतील याची त्यानं तयारी केली होती; ते नुसते थकल्यासारखे दिसले. मुलीनं मात्र एकच विचारलं: बाबा शिंपीणबाईंकडे कधी जायचे, रोज की अधूनमधून?

त्यानं सांगितलं. पाऊस असला की नाही जायचे, रविवारी नाही, आणि मध्ये सर्दी झाली तेव्हा बरेच दिवस घरीच होते.

“म्हणजे त्या दुपारी स्वच्छ होत्या,” ती म्हणाली. “मी सगळ्याच टाकून दिल्या. घंटी आहे, कधीही वाजत असेल, कशावर विश्वास ठेवणार? नेमकं कुठलं यंत्र ते कळलं असतं, तर त्याची खूण ओळखून तेवढ्याच रेघा वेगळ्या काढता आल्या असत्या.” ती थांबली. “बघते आता. थोडं काहीतरी निघेल.”

ती खरंच कामाला लागण्यासाठी उठून गेली. तिनं दार आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

तिथून तो शिंपीणबाईंकडे गेला. दार उघडंच होतं. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, तारेचंही सांगितलं, टाळ्यांचंही. बाईंनी यंत्र थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या, मग दोरा तोडला.

“तार उपटलीत तेव्हा मी तुमचे आभार मानले होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला रात्री झोप लागत नव्हती. त्या पोरीचं काय होणार म्हणून.” त्यांनी कापड घडी करून ठेवलं. “मला एकटीला सांगून काय उपयोग, साहेब? ओरडलात ते चारचौघींत. आता सांगायचं तेही चारचौघींतच सांगा. शनिवारी या, गर्दी असते.”

शनिवारपर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. शनिवारी बाक भरला होता, वाचनालयातल्या बाई होत्या, आणि आरशापाशी बाळाला कडेवर घेऊन तो नवा बापही उभा होता, बायकोचा कोट न्यायला आलेला. तो दिसल्यावर चिडीचूपला वाटलं, मागं वळावं. शिंपीणबाईंनी यंत्रावरचे हात उचलले. खोली शांत झाली. कामाच्या वेळी त्याला असं बोलावं लागे तेव्हा शब्द आपोआप यायचे. आज एकेक शब्द ओढून काढावा लागला. घंटीचा दोष नव्हता. यंत्र माझ्या घरचं होतं, मी आणलेलं, मला बंदी माहीत असताना. इथं येऊन मी यांना बोललो, नंतर मला कळलं तरी मी गप्प बसलो, आणि सभेत यांना माफी मागू दिली.

नव्या बापानं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“आमचा मायक्रोफोन उचलून नेलात,” तो म्हणाला, आवाज न चढवता. “तेव्हापासून आम्ही दोघं पाळीपाळीनं जागतोय.”

चिडीचूप मान खाली घालून उभा राहिला. थोड्या वेळानं शिंपीणबाईंनी त्याला जा म्हणून खूण केली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

वेधशाळेनं त्याच्याकडून गाडी काढून घेतली आणि त्याला भांडारात बसवलं. त्याच्या दाराशी तारेनं जोडलेली एक चटई आली, तिच्यावर पाय पडला की वरच्या खोलीत घंटा वाजते; तशीच तारेची सोय वेधशाळेच्या वीजतंत्र्यानं त्या बाळाच्या पाळण्यालाही करून दिली. ती चिडीचूपनं मागितली होती, पण कुणाला सांगू नका म्हणाला होता. संशोधक मुलीच्या हाती शेवटी थोडंफार लागलं. मनासारखं नाही, पण रिकाम्या हातानं ती गेली नाही.

बाबा पुन्हा दुपारी बटणं निवडायला जाऊ लागले. संध्याकाळी त्यांना आणायला बायको जायची. एक दिवस तिनं मुद्रितांतून डोकं वर न काढता सांगितलं, की आज तुम्ही जा. तो गेला. दारात थांबला. शिंपीणबाईंनी पाहिलं आणि बाबांचं अजून आटपलं नाही, बसा, म्हणाल्या.

तो बाकावर बसला. शेजारच्या बाईनं आपला झोळणा जरा सरकवला, त्याला जागा करायला की त्याच्यापासून लांब घ्यायला, ते त्याला कळलं नाही. यंत्र चालू राहिलं. बाबा हिरव्या बटणांच्या ढिगात एक निळं बटण ठेवून विचारात पडले होते, आणि त्यांचं होईपर्यंत तो फरशीवरच्या कातरणांकडे बघत बसून राहिला.